वलगणीला शाळेतल्या मुलांना न्यावं का? मासेमारी आणि पऱ्याची जपणूक एकत्र कशी शिकवायची?

सातारकरीण_माणगावात विचारते:

नमस्कार मंडळी. मी माणगाव तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. पाचवी ते आठवीची मुलं आहेत. माझं माहेर साताऱ्याच्या दुष्काळी बाजूचं, त्यामुळे मासे म्हणजे आठवडी बाजारात बर्फावर ठेवलेले, एवढीच माझी ओळख. इथे आल्यावर पाहिलं, मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की गाव रात्रीचं बाहेर पडतं. हातात टॉर्च, पाग म्हणजे फेकून टाकायचं जाळं, बादल्या, कुणाकडे जुनी मच्छरदाणी. पऱ्याच्या, म्हणजे इथल्या ओढ्याच्या, काठाने आणि खाचरांच्या बांधांवरून उजेडच उजेड. पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्याला वलगण आली म्हणतात. शाळा उघडली की मुलं वह्या काढायच्या आधी तेच सांगतात. "बाई, आमाला बादली भरून गावली." "बाई, सगळी गाभोळीची होती."

सगळी गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, ती घालायला निघालेलीच. माझं मन इथे अडतं. आठवीतला एक मुलगा सांगत होता की त्याच्या आज्याच्या वेळी या पऱ्यात भर उन्हाळ्यातही डोहात मरळ असायची, आता पावसाळा सरला की गळाला काही लागत नाही. मुलांना हे दिसतंय, फक्त दोन गोष्टींची सांगड त्यांना कुणी घालून दिलेली नाही.

मला "मासे पकडू नका" असं सांगायचं नाही. घाटावरून आलेल्या बाईने ते सांगावं हे बरोबरही नाही, आणि मुळात मला ते पटतही नाही. पाण्यात उतरणाऱ्या या मुलांना पऱ्याची जेवढी माहिती आहे तेवढी पुस्तकात नाही. पण परिसर अभ्यासात "जलसंवर्धन करावे" असं फळ्यावर लिहून पुढे जाणंही जिवावर येतं. मला नीट शिकवायचं आहे. मुलं यंदा मला वलगणीला बोलावतायत. जावं का? गेले तर तिथे त्यांना काय दाखवावं? दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना पाळता येतील असे नियम कोणते? आणि आणखी एक. इथे मुली मासे साफ करतात, विकतात, पण पाग त्यांच्या हातात कुणी देत नाही. त्याचंही काही करता येईल का?

---

पागवाला_सुधागड:

बाई, तुम्ही सरळ मनाने विचारलंत म्हणून सरळ सांगतो. वलगण बंद करा म्हणणारे दरवर्षी कुठून तरी येतात. आमच्याकडे त्या रात्रीचे मासे शेजारपाजारी वाटले जातात, ज्याच्या घरी पाण्यात उतरणारं माणूस नाही त्याच्या दारात आधी वाटा जातो. गाभोळीचे मासे माझ्या पणज्यानेही खाल्ले. पऱ्या त्याने रिकामा झाला नाही.

रिकामा कशाने झाला ते मुलांना शिकवा. उन्हाळ्यात डोहात ब्लिचिंग पावडर ओततात. रात्री जिलेटिनची कांडी फोडतात. बॅटरीचा करंट सोडतात. त्यात अंगठ्याएवढं पिल्लूही उरत नाही आणि निम्मे मासे मरून तळाशीच कुजतात. वरून भातात तणनाशक. पऱ्यावर जागोजाग काँक्रीटचे बंधारे, मासा चढणार कुठून? हे सगळं सोडून बादली घेऊन उभ्या असलेल्या पोराला दोष देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

---

काळकाठचे_अण्णा:

बाई, जा. आणि मुलांना घेऊन जा.

मी महाड तालुक्यातला. शासनाच्या मत्स्यबीज केंद्रावर नोकरी केली, आता निवृत्त होऊन गावी आहे. सुट्टीत गावातली आणि मुंबईहून आलेली पोरं माझ्याकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, शिकतात. त्या अनुभवावरून लिहितो, लांबेल थोडं.

पागवाल्यांचं म्हणणं खरं आहे. सुरुंग आणि विष यांना १८९७ च्या मासेमारी कायद्यातच बंदी होती, पुढे १९६० साली महाराष्ट्राचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आला. म्हणजे हा गुन्हा आहे हे आपल्याला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, आडपडदा न ठेवता. आमच्या लहानपणी रामेठ्याचा पाला नाहीतर गेळाची फळं ठेचून डोहात टाकायचे, तेही त्यातलंच. झाडाचं म्हणून ते निर्दोष होत नाही. मासा गुदमरतो तो गुदमरतोच, आणि लहान-मोठा असा भेद त्यात राहत नाही.

पण वलगणीबद्दल माझं मत पागवाल्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. पणज्याच्या वेळी पऱ्यात बाराही महिने पाणी होतं, डोह खोल होते, माणसं कमी होती, जाळी सुताची होती आणि रात्री हातात पेटती चूड असायची. आता रस्त्याखालच्या एका मोरीच्या तोंडावर नायलॉनची मच्छरदाणी आडवी बांधली की खालून येणारा एकही मासा वर जात नाही. रीत तीच राहिली, पण तिच्या हातातलं हत्यार बदललं.

मासा चढतो कशासाठी, हे मुलांना रात्री तिथे उभं राहूनच कळतं. पहिल्या पुराचं पाणी गढूळ, गार, हवा भरलेलं असतं. खाचरात ते वीतभर खोल पसरतं, दिवसा तापतं, त्यात शेणखताचा आणि कुजक्या पेंढ्याचा अंश असल्याने डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव बेसुमार वाढतात. पिल्लांना खाणं तयार, आणि त्यांना खाणारे मोठे मासे तिथे नसतात. मळे, खवली, शिंगट्या यासाठीच खाचराकडे निघतात. अंडी घालून आई-बाप परततात. पिल्लं खाचरातच वाढतात आणि भात पोटरीला येऊन पाणी उतरायला लागलं की खाली पऱ्यात येतात. खाचर ही माशांचीही शेती आहे. शेतकऱ्याच्या पोराला एवढं सांगितलं की बाकीचं तो स्वतः जुळवतो, तणनाशकाचा प्रश्नसुद्धा.

आमच्या केंद्रावर रोहू, कटला, मृगळ यांचं बीज तयार व्हायचं. हे मासे तळ्यात कितीही खाऊ घाला, पोट गाभोळीने टम्म फुगतं, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पूर लागतो. म्हणून पूर्वी पावसाळ्यात नद्यांमधून अंडी-पिल्लं गोळा करून आणावी लागत. १९५७ साली १० जुलैला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. शाळा तेव्हा सुरू असते, भर पावसाचे दिवस असतात. तो दिवस जरूर पाळा. आम्ही संध्याकाळी इंजेक्शन द्यायचो, पहाटेपर्यंत अंडी, आणि पुढच्या दिवसभरात त्यातून पिल्लं बाहेर. किलोभराची रोहू लाखावर अंडी देते. पऱ्यातला मासा लहान, त्याची अंडी कमी, पण हजारांच्या हिशोबात असतातच. मुलांना म्हणावं, बादलीतल्या एका गाभोळीतली अंडी चमचाभर घेऊन बशीत पसरा आणि मोजायला लागा. मोजून संपत नाहीत. एवढं पुरतं, वेगळं भाषण करू नका.

पहिल्या रात्री पाग न घेता जा. साकवाखाली किंवा मोरीच्या तोंडाशी, जिथे पाणी हातभर उंचीवरून पडतं, तिथे काठावर बसा. टॉर्चच्या काचेवर लाल पारदर्शक कागद लावा, मासे बुजत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं गप्प बसावं लागतं, हे मुलांना सगळ्यात अवघड जातं. मग खालच्या फेसात पाठी चमकायला लागतात. मासा उडी मारतो, आपटतो, बाजूच्या दगडाला अंग चिकटवून क्षणभर थांबतो आणि पुन्हा उसळतो. काही तर दगडावरच्या बोटभर पातळ पाण्यातून आडवे होऊन, शेपटी फडफडवत वर सरकतात. हे एकदा पाहिलेला मुलगा त्या तोंडावर मच्छरदाणी बांधायला सहसा धजत नाही. मी एकाही मुलाला "बांधू नकोस" म्हटलेलं नाही.

नियम म्हणाल तर आमच्या वाडीत पोरांनीच ठरवलेत. मिरगाचे पहिले दोन मोठे पूर माशांचे. त्यानंतर हवे त्यांनी पागावे, पण पऱ्याची निम्मी रुंदी मोकळी ठेवायची, आणि मोरी कधीच बंद करायची नाही. मच्छरदाणी घरात झोपायला. खरी मजा गौरी-गणपतीनंतर, खाचराचं पाणी उतरताना. तेव्हा मासे पोसलेले असतात, अंडी घालून झालेली असतात. मोठ्या माणसांपैकी काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. पण पोरं बांधावर उभी राहून आज्याला "निम्मा मोकळा सोड" असं म्हणतात, आणि नातवाचं म्हणणं आजा टाळत नाही.

मरळीचं मात्र वेगळं शिकवा, कारण इथे एका माशाचा प्रश्न नसतो. जून-जुलैत साचलेल्या पाण्यात कडेच्या गवतात शेंदरी रंगाच्या बारीक पिल्लांचा पुंजका दिसतो. एकदम वर येतो, हवा घेतो, खाली जातो. त्याच्या बरोबर खाली आई-बाप राखणीला असतात. गळ त्या पुंजक्यावर टाकला की मरळ हमखास झेपावते, खाण्यासाठी नाही, पिल्लांना वाचवायला. तिला उचललं की तासाभरात बाकीचे मासे सगळी पिल्लं संपवतात. शेंदरी पुंजका दिसला की तिथून गळ उचलायचा. हा नियम सहावीतलं पोरही पाळतं, कारण तो त्याला डोळ्यांनी पडताळता येतो.

तसंच मुठ्यांचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं. पहिल्या पावसात मुठे बाहेर पडतात आणि पोरं त्यांच्यामागे. मुठा पाठीकडून दोन बोटांत धरून उलटा करायचा. पोटावरचं झाकण अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, वाटोळं असेल तर मादी. मादीचं झाकण जरासं फुगलेलं दिसलं तर नखाने हलकेच उचलून बघा. खसखशीपेक्षा मोठी अंडी असतात, किंवा पूर्ण वाढलेले, पायबीय फुटलेले इवलेसे मुठे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. गोड्या पाण्यातल्या मुठ्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच तयार होतात. ते पाहून एका मुलीने हातातला मुठा बांधावर इतका जपून ठेवला की तिच्या मागची दोन पोरंही आपापले मुठे उलटे करून बघायला लागली.

गळाची सुरुवात गांडुळावर आणि बारीक गरीवर, म्हणजे आकड्यावर, करा. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे लहान मासा न फाडता सुटतो आणि पोराच्या बोटात रुतली तरी निघते. मासा परत सोडायचा असेल तर आधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. शिंगटीचे काटे मात्र जपून, कल्ल्यामागून धरायची.

चिलापी (तिलापिया) लागली तर परत सोडू नका, घरी न्या. ती आपल्याकडची नव्हे, १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पैदास कुठेही होते आणि आपल्या माशांची जागा जाते. आफ्रिकन मांगूर तर २००० सालापासून देशात पाळायलाच बंदी आहे. घरच्या काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून पऱ्यात सोडणारी मुंबईची पोरंही मी पाहिली आहेत. त्यांनाही हेच समजावतो.

जमलं तर सहल वाळणकोंडीला काढा. काळ नदीवर, वरदायिनीच्या देवळासमोरच्या कोंडीत खडस मासे आहेत. देवीचे मासे म्हणून कुणी पकडत नाही. कुरमुरे टाकले की पाणी काळं होईपर्यंत वर येतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही असंच राखलेलं आहे. सरकारी फलक नव्हते तेव्हापासून गावांनी हे सांभाळलं. मुलांना विचारा, आपल्या पऱ्यात असा एक डोह ठेवायचा तर कोणता ठेवाल? आमच्या पोरांनी सर्वात खोल डोह निवडला नाही. उन्हाळ्यात सर्वात शेवटी आटणारा निवडला. मला ते सुचलं नसतं.

आणि रात्रीचं जाणं आहे, म्हणून एवढं पाळा. पायात बूट, पायाला जखम असलेल्या मुलाला पाण्यात उतरवायचं नाही, लेप्टोच्या तापाचा धोका असतो. वर डोंगरात पाऊस दिसला की पात्र सोडायचं. दर चार मुलांमागे गावातलं एक मोठं माणूस.

---

देवबागची_वहिनी:

अण्णांनी गोड्या पाण्याचं सगळं सांगितलं, मी खाऱ्याचं थोडं सांगते. आमच्या सिंधुदुर्गात व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, या माशांना चढणीचे मासे म्हणतात, तिथेही हीच झुंबड. आणि मला नेहमी एक गोष्ट खटकते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तीही मासे अंडी घालतात म्हणून. आमचे लोक दोन महिने होड्या वर काढून जाळी दुरुस्त करतात, उधारीवर घर चालवतात. नेमक्या त्याच दिवसांत व्हाळात मात्र कुणाला काही बंधन वाटत नाही. दोन्ही पाण्यांना नियम एकच, हे मुलांना सांगायला हा दाखला पुरेसा आहे.

मी मासे विकते. शाळेतली मुलं बाजारात आली की त्यांच्या कंपासपेटीतली पट्टी काढायला लावते. पट्टी पंधरा सेंटीमीटरची. पापलेट साडेतेरा सेंटीमीटरपेक्षा लहान पकडायचं नाही, असा नियम राज्य सरकारने २०२३ साली केला, एकूण ५४ जातींसाठी अशी कमीत कमी लांबी ठरवली. त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा ठरलं. पट्टी ठेवली की मुलं लगेच ओरडतात, "काकी, ह्यां बारीक आसा!" ते ऐकून गिऱ्हाईक मागे सरतं. गिऱ्हाइकाने बारीक पापलेट घेणं सोडलं तरच ते जाळ्यात ठेवायचं बंद होईल, म्हणून मला मुलांचं हे ओरडणं हवंच असतं.

मुलींचं विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोरीला हात लावेल त्याला वाटा असतो, लहान हाताला लहान वाटा. मी मुलींना दोरीवर उभं करते. स्वतःचा वाटा घेऊन घरी गेलेली मुलगी पुढच्या वेळी कुणाला विचारत बसत नाही. आणि रापणीत कासव आलं तर ते सोडायचं हे पोरांना माहीत असतं. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला आणि त्याचे फोटो असले तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ पासून. हे मोठ्यांना अजून पटवावं लागतं, पोरं मात्र फोन काढून तयार असतात.

---

सातारकरीण_माणगावात:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळेत मुलांना मरळीच्या शेंदरी पुंजक्याबद्दल विचारलं. अर्ध्या वर्गाने तो पाहिलेला होता, पण ती मरळीचीच पिल्लं हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांपैकी एक मुलगी होती. तिचा आजा राखणीच्या मरळीला हात लावत नाही म्हणाली. तिलाच पुढच्या शनिवारी वर्गाला सांगायला उभं करणार आहे.

पहिल्या पुराला लाल कागद लावून जायचं ठरलं, पालकसभेत विचारून, आणि दोन आजोबा सोबत येतायत. १० जुलैचंही वेळापत्रकात टाकलं. पागवाले दादा, करंट आणि ब्लिचिंग यावर मुलं स्वतः फलक लिहून ग्रामसभेत वाचणार आहेत. तुमचा मुद्दा त्यात पहिला आहे. फक्त पाग टाकायला शिकवणारं माणूस मिळत नाहीये. गावातले म्हणतात, पोरींना कशाला.

---

काळकाठचे_अण्णा:

ग्रामसभेत वाचताना कायद्याचं कलम नका सांगू, डोह कुठला आणि कुठल्या महिन्यात पावडर पडते ते सांगा. माणसांची नावं घेऊ नका. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि मुलांवर राग निघत नाही.

---

पागवाला_सुधागड:

बाई, मी येतो. सुधागडहून माणगाव काही लांब नाही. पहिले दोन पूर सोडायचं अण्णांचं म्हणणं घरात बोललो, थोरल्या भावाला पटलं नाही, मला पटलं. निम्मी रुंदी मोकळी ठेवायची तर आमच्याकडे बऱ्याच जणांना जमेल.

पाग आधी कोरड्यावर शिकायचा असतो, पाण्यात नाही. शाळेचं मैदान चालेल. माझ्याकडे मुलांना पेलेल असा हलका पाग आहे, आस, म्हणजे जाळीचं भोक, दोन बोटं जातील एवढा, बारीक पिल्लू त्यात अडकत नाही. खांद्यावर कसा घ्यायचा, दातात दोरी किती धरायची आणि कमरेतून कसं फिरायचं हे कळलं की जोर फार लागत नाही, त्यामुळे पोरींना जमणार नाही असं काही नाही. माझ्या आईला जमायचा.

रविवारी सकाळी येईन. मैदानावर खडे-काटे असतील तर आदल्या दिवशी मुलांकडून झाडून घ्या, पाग फाटतो.